एकविसाव्या वर्षाची अट

इंग्लंडमध्ये नर्सची पूर्णवेळ नोकरी करता करता एमएस्सी जमते का, असं सांगली-मिरजेकडची मुलंमुली मला नेहमी विचारतात. जमते. मी करतोय. मिडलंड्समधल्या एका सरकारी हॉस्पिटलात, ॲक्युट मेडिकल युनिटमध्ये (तातडीने दाखल होणाऱ्या पेशंटच्या वॉर्डात) नोकरी आणि सोबत ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिसचा तीन वर्षांचा कोर्स. पण मी ज्या वाटेने, म्हणजे मालकाच्या पैशातून नोकरी करत शिकायच्या अप्रेंटिसशिपमधून, आत शिरलो, ती माझ्यामागून येणाऱ्यांसाठी १ जानेवारी २०२६ पासून बंद झाली आहे. तिच्याबद्दलच लिहायचंय.

आधी पैशाचं गणित सांगतो. इंग्लंडमध्ये ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर जातो, त्याला एप्रिल २०१७ पासून त्यातला अर्धा टक्का ‘अप्रेंटिसशिप लेव्ही’ म्हणून भरावा लागतो. हॉस्पिटलंही भरतात. तो पैसा कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी परत वापरता येतो. माझ्या कोर्सची १२ हजार पौंडांची फी त्यातूनच गेली, माझ्या खिशातून एक पेनीही नाही. शिवाय या योजनेत एक अट होती, आणि माझ्या मते फीपेक्षा तीच मोलाची: शिकण्याचा वेळ कामाच्या तासांतून, पगारासकट द्यायचा.

मे २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की सातव्या स्तराच्या, म्हणजे मास्टर्सच्या तोडीच्या अप्रेंटिसशिपला इथून पुढे फक्त १६ ते २१ वयाच्यांसाठी पैसा मिळेल. अपवाद मोजकेच. लेव्हीचा पैसा तरुणांच्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाकडे वळवायचा, हा त्यामागचा विचार. अठराव्या वर्षी कामाला लागणाऱ्या पोराला कुणीतरी हाताला धरून शिकवायला हवं, त्यासाठी पैसा हवा, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण आमच्या कोर्सचं काय? अठराव्या वर्षी नर्सिंगला प्रवेश घेतला तरी पदवी हातात पडेपर्यंत एकविसावं उजाडतं. त्यानंतर काही वर्षं वॉर्डात काढल्याशिवाय या कोर्सला कुणी दारातही उभं करत नाही, आणि ते बरोबरच आहे. इथे शिकायचं असतं ते पेशंट स्वतः तपासून निदानापर्यंत पोहोचायचं, उपचार ठरवायचे, त्याची जबाबदारी घ्यायची. बाविशीच्या आत तिथे पोहोचणार कोण? नर्स, फिजिओ, पॅरामेडिक, कुणीच नाही.

वेळेचं म्हणाल तर माझे बहुतेक लाँग डे असतात, सकाळी साडेसात ते रात्री आठ. हँडओव्हर लांबला की घरी यायला नऊ. त्या रात्री पुस्तक उघडण्यात अर्थ नसतो, हे मी पहिल्याच टर्ममध्ये ठरवून टाकलं. माझा अभ्यास पहाटेचा. साडेचारला चहा टाकायचा, मुलगी उठेपर्यंत वाचायचं. बायको फार्मसीत काम करते, तिचा आणि माझा रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) फ्रिजवर शेजारी शेजारी लावलेला असतो आणि निबंधाच्या तारखा लाल पेनाने त्यातच. लिहिण्याची सवयही बदलावी लागली. आपल्याकडे पेपरात व्याख्या, प्रकार, लक्षणं, नर्सिंग मॅनेजमेंट असं ओळीने लिहिलं की मार्क पडतात. इथे दुसऱ्या ओळीपासून ‘कशावरून?’ सुरू होतं.

हे सगळं निभतं, पण कामाच्या तासांतून मिळणारा अभ्यासाचा वार (स्टडी डे) हातात राहिला तरच. आणि काटकसर सुरू झाली की पहिला घाव त्यावरच पडतो. मार्च २०२५ मध्ये सरकारी आरोग्यसेवा चालवणारी एनएचएस इंग्लंड ही मध्यवर्ती संस्थाच गुंडाळण्याची घोषणा झाली, स्थानिक आरोग्य बोर्डांना कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं. वॉर्डात त्याची झळ पोहोचते ती अशी: गेलेल्या माणसाची जागा भरत नाहीत, दोन नर्स कमी असतात, आणि बुधवारी रात्री मेसेज येतो, ‘उद्याचा तुझा स्टडी डे पुढे ढकलू का?’ मॅनेजर वाईट नाही. तिला बेड दिसतात, मलाही दिसतात. मी बहुतेक वेळा जातो. पण ढकललेला दिवस परत मिळत नाही, आणि माझं पोर्टफोलिओ (केलेल्या कामाच्या नोंदी) तपासायला कन्सल्टंटने, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरने, काढून ठेवलेला तासही त्याच्यासोबत जातो.

या शिक्षणाचा वॉर्डाला काय उपयोग, असं विचारणाऱ्यांना मी एका रात्रीची गोष्ट सांगतो. सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) एक आजोबा ॲम्ब्युलन्समधून आले. तोंडावर मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजनचा मास्क, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८ टक्के. आकडा बघून कुणालाही हायसं वाटावं. पण आजोबा गुंगीत होते, हाक मारली की डोळे उघडायचे आणि लगेच मिटायचे, हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडत होते. मी मनगटातून एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) घेतला. पीएच ७.२६, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलेलं, आणि कार्बन डायऑक्साइड ९.४ किलोपास्कल, खूपच वाढलेला. अशा फुप्फुसांना ऑक्सिजन वारेमाप दिला की कार्बन डायऑक्साइड साठत जातो, म्हणून सॅच्युरेशन ८८ ते ९२ च्या मध्येच ठेवायचं. मास्क काढून मोजून २८ टक्केच ऑक्सिजन देणारा व्हेंचुरी मास्क लावला, नेब्युलायझर सुरू केलं, रजिस्ट्रार डॉक्टरला बोलावलं. पुढचा एबीजी फारसा सुधारला नाही तेव्हा एनआयव्हीवर, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या मशीनवर, घेतलं. सकाळी आजोबा चहा मागत होते.

त्या रात्री माझ्यासोबत लातूरची एक सहकारी होती. वय २९, पाच वर्षं इथे, हुशार आणि हाताला जलद. पहाटे सगळं निवल्यावर तिने मला पेपर टॉवेलवर ते सगळं काढून दाखवायला लावलं. पुढे काही आठवड्यांनी मी रजेवर असताना तसाच पेशंट आला, तर डॉक्टर पोहोचायच्या आत व्हेंचुरी लावून, एबीजीची तयारी करून ती उभी होती. लेव्हीचा पैसा असा झिरपतो, एकाला शिकवलं की शेजारच्यापर्यंत जातो.

आता या कोर्सला तिला जायचंय. लेव्हीचा पैसा तिच्या वयाला बंद. पोस्टग्रॅज्युएट कर्ज मिळत नाही, कारण ती अजून वर्क व्हिसावर आहे. स्वतः फी भरायची तर तिला परदेशी विद्यार्थ्याचा दर, आणि त्यात लातूरला घराचा हप्ता. “दादा, मी एकविसाव्या वर्षी लातूरला इंटर्नशिप करत होते,” एवढंच म्हणाली. मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून आम्ही तुकड्यातुकड्याने चाललोय. सगळी एमएस्सी नाही, तर क्लिनिकल असेसमेंटचं एक सुटं मॉड्यूल. नर्सच्या वाट्याला येणारा सीपीडीचा (नोकरीतल्या पुढच्या शिक्षणाचा) निधी असतो, त्यातून काही भाग मागितलाय; उरलेल्यासाठी आरसीएन फाउंडेशन या नर्सना मदत करणाऱ्या संस्थेकडे अर्ज. तुमच्यापैकी इथे कुणी अडकलं असेल तर या दोन्हीकडे विचारा, आणि अभ्यासाचा वार मॅनेजरकडून लेखी घ्या. तोंडी घेतलेला वार टिकत नाही.

तिच्या अर्जाला शिफारसपत्र मी लिहिलं. त्यात दुसरं काही रंगवलं नाही. माझ्या रजेतल्या त्या रात्रीची वेळ, तिने घेतलेला निर्णय आणि तासाभरानंतरचा एबीजी, एवढंच ओळीने लिहिलंय.