शेजारच्या काकांची लाट

डेन्मार्कमधल्या आमच्या वायले गावात खाडीच्या काठावर ‘बोल्गेन’ नावाची इमारत आहे. पाच पांढऱ्याशुभ्र लाटा एकापाठोपाठ एक पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात, आणि त्या लाटांच्या पोटात लोक राहतात. वास्तुरचनाकार हेनिंग लार्सन यांच्या कंपनीचं हे डिझाइन. पहिल्या दोन लाटा २००९ मध्ये उभ्या राहिल्या, मग मंदीत काम रखडलं आणि पाचही पुऱ्या व्हायला २०१८ उजाडलं.

आमच्या शेजारचे काका सध्या हीच इमारत लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या विटांनी बांधतायत. (इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही मारते. पण मनातल्या मनात ते काकाच.) निवृत्त सुतार आहेत. आईला व्हिडिओ कॉलवर त्यांची खोली दाखवली, तर तिचा पहिला प्रश्न, “नातवंडं कधी येणार आहेत त्यांची?” नातवंडं येतात, पण त्यांना या खोलीत हात लावायची परवानगी नाही.

लेगोचं गाव बिलुंड इथून गाडीने अर्ध्या तासावर. तरी काका खोका आणून, पुस्तिका बघून जोडणाऱ्यांतले नव्हेत. स्वतःच्या डोक्याने आराखडा करून बांधायचं, त्याला हे हौशी लोक ‘मॉक’ (‘माय ओन क्रिएशन’) म्हणतात. नियम कडक आहेत. वीट कापायची नाही, चिकटवायची नाही, रंगवायची नाही. कंपनीने जे तुकडे काढलेत त्यांतच भागवायचं. खरी गंमत इथेच सुरू होते.

काकांनी एकदा ओट्यावरच प्रात्यक्षिक दिलं. विटेच्या माथ्यावर ज्या गोल खुंट्या असतात, त्यांतल्या एका खुंटीच्या मध्यापासून पुढच्या खुंटीच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर १६ मिलिमीटर, अर्थात दोन खुंट्यांची रुंदी. त्यांनी पाच पट्ट्यांची चवड रचली, आडवी केली आणि भिंतीत दोन खुंट्यांएवढी जागा होती तिथे सरकवली. मी नखाने चाचपून पाहिलं, फट लागेना. या एका हिशेबामुळे खुंट्या वरच ठेवण्याची सक्ती संपते आणि बांधकाम कुशीवर वळवता येतं. बोल्गेनची लाट तशीच साधलीय. मोटारीच्या बॉनेटसाठी वापरतात ते बाकदार तुकडे आडवे लावून तिची कड वळवलीय, आणि गॅलरीच्या काचांना पारदर्शक तावदानं आहेत.

एका कामासाठी काढलेला तुकडा भलत्याच कामाला लावायचा, याचं या मंडळींना भारी कौतुक. पुढे कंपनीनेही तो खेळ उचलला. २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या बोन्साय झाडावरचा गुलाबी मोहोर जवळून पाहा, ते सगळे बेडूक आहेत!

काकांच्या कपाटात करड्या विटांचे दोन वेगळे कप्पे आहेत. मला दोन्ही सारखेच दिसायचे. २००४ च्या सुमारास कंपनीने करड्या रंगात किंचित निळसर झाक आणली. मुलांच्या ते गावीही नव्हतं, पण मोठ्यांनी आकांत केला, कारण वर्षानुवर्षं साठवलेल्या जुन्या विटांशी नवा रंग जुळेना. विषय काढला की काका आजही तापतात. मोजमापाबाबत मात्र तक्रारीला जागा नाही, १९५८ ची वीट आजच्या विटेत घट्ट बसते.

छंद स्वस्त नाही, हे लिहायलाच हवं. सुटे तुकडे ‘ब्रिकलिंक’वर जगभरच्या विक्रेत्यांकडून मागवता येतात (२०१९ पासून तेही लेगोच्याच मालकीचं). तिथे आकार तोच आणि रंग दुर्मीळ असेल तर भाव कुठल्या कुठे. म्हणून काका आधी ‘स्टुडिओ’ या मोफत सॉफ्टवेअरवर सगळं बांधून बघतात. पुण्या-नाशकात बसून कुणाला हात साफ करायचा असेल तर तिथूनच करावा. पडद्यावरच्या विटेला पैसे पडत नाहीत.

बिलुंडच्या लेगो हाउसमध्ये, म्हणजे कंपनीच्या प्रदर्शन-केंद्रात, पंधरा मीटरहून उंच, साठ लाखांवर विटांचं झाड आहे. पाहुणे आले की त्याच्यासमोर फोटो होतातच. मला विचाराल तर वेळ वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत घालवावा. तिथे जगभरातल्या हौशी लोकांनी बांधलेली मॉडेल्स मांडतात.

“तुमची लाट ‘लेगो आयडियाज’ला का नाही पाठवत?” मी विचारलं. तिथे दहा हजार लोकांनी पाठिंबा दिला की कंपनी प्रस्तावाचा विचार करते, आणि संच बाजारात आलाच तर निव्वळ विक्रीच्या एक टक्का रक्कम मूळ रचनाकाराला मिळते. काका हसले. “दहा हजार लोकांना आवडायला हवं असतं तर किल्ला केला असता, नाहीतर अंतराळयान. वायलेतली फ्लॅटची इमारत कोण घेणार?”

सप्टेंबरात स्केअरबेकला हौशी बांधणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे न्यायचा त्यांचा बेत आहे. पाचही लाटा सुट्या होतील अशाच बांधतायत. प्रत्येकीला वेगळा खोका, तळाशी फोम. चौथी लाट अजून अर्धी आहे, कारण पांढरे बाकदार तुकडे संपलेत आणि जर्मनीतल्या एका विक्रेत्याचं पार्सल यायचंय.