पर्यायी स्रोत नसेल तरच

आमचं गाव केळापूर तालुक्यातलं. जलजीवन मिशनमध्ये पाणी तपासायचं किट हाताळायला गावातल्या ज्या बायकांना शिकवलं, त्यांत मी एक. शाळेजवळच्या हापशीचं पाणी दिसायला निवळशंख. त्यात औषधाचे थेंब टाकले तर गुलाबी रंग टिकलाच नाही, पिवळसर झाला. म्हणजे फ्लोराइड, जास्त झालं की दात खराब करणारं.

नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्ट आला 1.3, शेरा ‘पिण्यास योग्य’. ग्रामसेवक म्हणाले, “ताई, 1.5 पर्यंत चालते. कशाला वाढवता?”

मी आयएस 10500 हे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक काढून वाचलं. लिटरमागे 1 मिलिग्रॅम ही खरी मर्यादा. 1.5 ची सूट आहे, पण दुसरा स्रोत नसेल तरच. म्हणजे आमचं 1.3 चालेल का, हे गावात दुसरं पाणी आहे का यावर अवलंबून, आणि ते सांगायचं ग्रामपंचायतीनं.

दुसरं पाणी होतं. जुनी विहीर, वापराविना पडलेली. तिचं फ्लोराइड 1 च्या आत निघालं. आमच्या भागात खोल बोअरलाच हा त्रास जास्त. पण सरपंचताई अडल्या. “दात खराब व्हायला वर्षं लागतात. उघड्या विहिरीनं गावाला जुलाब लागले तर उद्या पेपरात माझं नाव!” मुद्दा बिनतोड होता. मी एवढंच म्हटलं, जंतू टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, मरतात. फ्लोराइड टीसीएलनं जात नाही, उकळूनही नाही. उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

महिला ग्रामसभा मुख्य सभेच्या आधी घ्यावी लागते, त्याचा उपयोग झाला. एका आईनं पोराला सगळ्यांसमोर ‘आ’ करायला लावलं. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे. मग पुरुषांच्या सभेत फार बोलावं लागलं नाही.

ठराव झाला: हापशीला लाल रंग, पाणी फक्त धुण्याभांड्याला. विहिरीचा गाळ काढून वर जाळी. जलसुरक्षक, म्हणजे गावाचं पाणी बघणारा माणूस, टीसीएल टाकणार. खर्च वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या, निधीतून, तो तर पडूनच होता!

तरी पहिला उन्हाळा निम्म्या बायका लाल हापशीवरच. विहीर लांब, डोक्यावर पाण्याचे दोन गुंड, कोण जाणार? विहिरीवर मोटर बसवून शाळेपाशी टाकी आणली, तेव्हा कुठे हापशीवरची रांग मोडली. आता लाईट गेली की भांडायला सगळ्या माझ्याच दारी येतात.