आमची वाटचाल : संहितेशिवाय उभं राहायला शिकवताना

इम्प्रोव्ह म्हणजे संहितेशिवाय, ऐनवेळी सुचेल तसं रंगवलेलं नाटक. त्याच्या बॅचला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच विचारतो, "मला ऐनवेळी सुचलंच नाही तर?" आमचा व्यवसाय या प्रश्नाभोवतीच वाढला. सुरुवातीला आम्ही सुचवायला शिकवत होतो. आता ऐकायला शिकवतो, आणि काहीच सुचत नाही त्या क्षणात टिकून राहायला. बाकीचे सगळे बदल त्यातून आले.

हा प्रकार आजच्या रूपात शिकागोचा. व्हायोला स्पोलिन यांनी तिथे स्थलांतरितांच्या मुलांसोबत नाट्यखेळ रचले. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या 'सेकंड सिटी' या इम्प्रोव्हच्या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक. विदर्भाला मात्र ही गोष्ट परकी नाही. खडी गंमत या इथल्या लोकनाट्यातला सोंगाड्या समोरची गर्दी बघूनच बोलणं वाढवतो. पालकांना समजावताना आम्हाला हाच दाखला सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

बॅच १२ जणांची, आठ आठवडे, दर आठवड्याला अडीच तास. १२ पेक्षा जास्त घेतले की एका संध्याकाळी माणशी दोनच सीन येतात, बाकीचा वेळ बसून घाबरण्यात जातो. आठपेक्षा कमी असले की सगळ्यांना एकमेकांच्या लकबी पाठ होतात. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलर चालू असला की हळू बोललेलं तीन हातांवर पोचत नाही. मग सगळे ओरडायला लागतात आणि प्रत्येक सीन भांडणाचा होतो. म्हणून उन्हाळ्यात वर्ग सातनंतर, कूलर फक्त वॉर्मअपला आणि मधल्या सुटीत.

परदेशी पुस्तकांतले खेळ मराठीत जसेच्या तसे चालत नाहीत. एकेक शब्द जोडत गोष्ट सांगायचा खेळ घ्या. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं. आपल्याकडे ते शेवटी, त्यामुळे घाबरलेला माणूस विशेषणं जोडत वाक्य पुढच्यावर ढकलतो. शिवाय लिंग आहे. "काल, एक, म्हातारी, मांजर, भिंतीवरून..." आणि सहाव्या शब्दाला कोणीतरी म्हणतो, "पडला." त्याने 'म्हातारी' ऐकलेलंच नसतं. कोण ऐकत नाही हे इतक्या चटकन दाखवणारा दुसरा खेळ आमच्याकडे नाही. नियम असा की वाक्य सहा शब्दांत संपवायचं आणि गोलात पाचच जण. सहा जण ठेवले तर क्रियापद दर वेळी एकाच माणसावर येतं.

'तू', 'तुम्ही', 'अहो' हीसुद्धा मोठी सोय आहे. पहिल्या वाक्यातला एक शब्द नातं आणि मान दोन्ही ठरवतो. तरी नवे खेळाडू तो टाळून "अरे यार"वर येतात आणि सगळे सीन दोन मित्रांचे होतात.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो झटपट विनोद. मुलगी हवेत काहीतरी धरून म्हणते, "बाबा, ही चावी कायची आहे?" समोरचा म्हणतो, "चावी? हा तर चमचा आहे." हॉल हसतो. पण मुलीची मूठ उघडते, हात खाली येतो आणि आता दोघांकडे काहीच उरत नाही. तोच सीन परत करायला लावतो. "तुले कुठं सापडली? तुझ्या आईपासून लपवली होती मी." आता घर आहे, आई आहे, गुपित आहे. हसू दोन मिनिटांनी येतं, पण मोठं येतं.

शोमध्ये सीन कशावर करायचा हे प्रेक्षकांकडून घेतो. त्यांना नुसतं "एक जागा सांगा" म्हटलं की बर्डी (नागपूरची सीताबर्डी), "एक पदार्थ" म्हटलं की तर्री-पोहे. म्हणून विचारायचं, "तुमच्या आजोबांच्या घरात कुठे जायला भीती वाटायची?"

आता मनाचं. हसू आलं नाही की कान तापतात, श्वास वर अडकतो, नजर जमिनीला जाते आणि बोलण्याचा वेग वाढतो. वेगामुळे समोरच्याचं ऐकू येत नाही, न ऐकल्यामुळे पुढचं वाक्यही पडतं. इथे "घाबरू नको" म्हणून काही होत नाही. तळपाय टेकवायचे, श्वास घेतला त्यापेक्षा हळू सोडायचा, आणि समोरच्याच्या अंगावर जे दिसतंय तेच बोलायचं, "तुमचे हात थरथरतायत." गाडी रुळावर येते.

शोनंतर दहा मिनिटं गोल करून बसतो. प्रत्येकाने जोडीदाराची आवडलेली एकच गोष्ट सांगायची. त्या रात्री नोट्स देत नाही, कारण अंगातली धडधड उतरलेली नसते आणि साधी सूचनाही अपमानासारखी लागते. पुढच्या वर्गात माणशी दोनच नोट्स, त्याही सीनबद्दल. गाजलेल्या शोनंतरही जपावं लागतं, कारण खेळाडू पुढचे तीन आठवडे तेच वाक्य पुन्हा टाकून बघतो आणि खचतो.

ज्या विषयावर आपल्यासमोर खेळू नये असं वाटतं तो प्रत्येक जण आधी सांगतो. त्यामागचं कारण कोणी विचारायचं नाही. 'थांबूया' म्हटलं की सीन थांबतो. हा वर्ग उपचार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतो. झोप उडाली, रडू थांबत नाही, असं दोन आठवडे चाललं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक देतो.

काही जुने विद्यार्थी आता शिकवतात. पहिले दोन महिने त्यांनी सीन चालू असताना बाजूने फक्त "बघ", "नाव घे", "हळू" एवढंच म्हणायचं. अडचण अशी की तीन सेकंद शांतता झाली की नव्या शिक्षकाला राहवत नाही. म्हणून हातात स्टॉपवॉच देतो, आठ सेकंद तोंड उघडायचं नाही. बहुतेक वेळा सहाव्या-सातव्या सेकंदाला खेळाडूच बोलतो.