अठरा महिने आणि एक मिनिटसुद्धा एकटी नाही

परवा धाकट्या मावसबहिणीचा फोन आला, ताई कॉल आलाय म्हणाली, म्हणजे मिशनचा कॉल, चर्चतर्फे धर्मप्रसार आणि सेवा करायला कुठे जायचं ते कळवणारं पत्र, आणि एवढं बोलून रडायलाच लागली, आनंदाने की भीतीने ते तिचं तिलाही सांगता येईना. मला कळलं ते रडणं. मीपण लॅपटॉपसमोर बसून अशीच रडले होते. दादाच्या वेळी मोठ्ठं पांढरं पाकीट पोस्टाने आलं होतं, सगळे जमले होते आणि त्याने ते थरथरत्या हाताने फोडलं होतं, माझ्या वेळेपर्यंत सगळं ऑनलाइन झालं, मेल येतो, लॉगिन करायचं आणि पत्र उघडायचं. कुठे जायचं ते आपण निवडत नाही. फॉर्म, मेडिकल, डेंटिस्टची तपासणी, बिशपची म्हणजे आमच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखांची मुलाखत हे सगळं करून वाट बघायची, मग कुठलं मिशन, कुठली भाषा, कुठली तारीख ते त्या एका पत्रात कळतं.

तर तिने विचारलं की ताई दिवसभर करता काय नक्की, आणि फोनवर काही मला धड सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडं सांगते, लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात पण चर्चचं नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स आहे, २०१८ मध्ये चर्चचे तेव्हाचे प्रमुख प्रेसिडेंट नेल्सन यांनी पूर्ण नावच वापरा असं आवर्जून सांगितलं होतं, मला ते पटतंसुद्धा, पण मॉर्मन लिहिलं नाही तर निम्म्या लोकांना कळणारच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मुलगे दोन वर्षांसाठी जातात, मुली अठरा महिने. मुलींना आधी २१ पूर्ण लागायची, ऑक्टोबर २०१२ मध्ये तेव्हाचे प्रमुख प्रेसिडेंट मॉन्सन यांनी ती अट १९ वर आणली आणि मुलग्यांची १९ वरून १८, त्यानंतर मुली खूप जास्त जायला लागल्या, आणि २०२५ मध्ये मुलींचीही अट १८ झाली. मुलग्यांनी जावं अशी अपेक्षाच असते, मुलींवर तसं बंधन नसतं, जायचं तर स्वतःच्या मनाने. मी स्वतःच्या मनाने गेले. पगार वगैरे काही नसतो बरं का, उलट आपण आणि घरच्यांनी साठवलेले पैसे घालायचे.

दिवस साडेसहाला सुरू. गुडघ्यावर प्रार्थना, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, मग दोघींचा मिळून अभ्यास, भाषा नवीन असेल तर तिचा वेगळा, आणि मग छातीवर काळा नेमटॅग लावून बाहेर. रात्री नऊच्या सुमारास घरी, दुसऱ्या दिवसाचं प्लॅनिंग, डायरी, साडेदहाला दिवे बंद. चहा कॉफी नाही ते तर आपलं नेहमीचंच, पण टीव्ही नाही, सिनेमा नाही, कुणाबरोबर डेटिंग नाही, आणि नावाने हाक मारणारं कुणी नाही, सगळ्यांसाठी आपण सिस्टर अमुक, आडनावाने. पहिले दोन आठवडे मला कुणी हाक मारली की वाटायचं माझ्या काकूला बोलावतायत.

पण हे सगळं जमतं. खरं अवघड आहे ते कम्पॅनियन. तुला हे कुणी नीट सांगणार नाही म्हणून सांगते. मिशनमध्ये एकटं कुणीच नसतं, कायम जोडी, आणि ती जोडी मिशन प्रेसिडेंट म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख ठरवतात, साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते, तेव्हा ती बदलू शकते किंवा तशीच राहू शकते. नियम असा की कम्पॅनियन कायम दिसली पाहिजे आणि तिचा आवाज ऐकू आला पाहिजे, बाथरूम सोडून. म्हणजे कालपर्यंत जिचं नावही माहीत नव्हतं तिच्याबरोबर झोपायचं उठायचं जेवायचं चालायचं रडायचं, आणि रुसून दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घेऊ म्हटलं तर तेही नाही.

माझी तिसरी कम्पॅनियन फार कमी बोलायची. मला वाटायचं हिला कामात रस नाही. दार उघडलं की मीच बोलायचे, बसमध्ये मीच बोलायचे, लेसनला म्हणजे लोकांना आमच्या धर्माबद्दल शिकवताना मीच, आणि रात्री मनातल्या मनात तिच्यावर चिडायचे की सगळा भार माझ्यावर. आठवड्यातून एकदा दोघींनी समोरासमोर बसायचं असतं, त्याला कम्पॅनियनशिप इन्व्हेंटरी म्हणतात, प्रार्थना करून एकमेकींचं काय चांगलं चाललंय आणि काय खटकतंय ते सांगायचं. त्या दिवशी मी मोठी यादी मनात घेऊन बसले होते. तिने आधी माझं कौतुक केलं, खरं कौतुक, आणि मग खाली बघत म्हणाली, "तू मला बोलूच देत नाहीस. मी मनात वाक्य जुळवते, भाषा माझीही नवीन आहे, ते जुळेपर्यंत तू बोलून मोकळी झालेली असतेस." मला काही उत्तर सुचलं नाही. माझी यादी मी काढलीच नाही. आपण तीन आठवडे एका माणसापासून हातभर अंतरावर राहतो आणि ते माणूस वाक्य जुळवतंय हे आपल्याला दिसत नाही, हे मला फार लागलं.

आमच्या भागात एक आजोबा होते. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की तुमचा धर्म मला नको, पण हात रिकामे असतील तर मागच्या अंगणात लाकडं पडलीयत ती रचून द्या. सेवा हा मिशनचा भागच आहे, रोजच्या भेटींबरोबर दर आठवड्याला काही तास त्यासाठी ठेवायचे असतात, कुणाचं घर शिफ्ट करायला मदत, कुणाचं तण काढणं, भाषेचे मोफत वर्ग, पूर आला की चिखल उपसणं, त्यासाठी कुणी आपल्यात यावं अशी अट नसते. तर आम्ही दर गुरुवारी लाकडं रचायला जायचो. इन्व्हेंटरीनंतरच्या गुरुवारी मी ठरवून गप्प राहिले. खूप जड गेलं, खोटं कशाला सांगू. तासभर कुणीच काही बोललं नाही, नुसता लाकडांचा आवाज, आणि मग आजोबांनी आपणहून सुरुवात केली, ही रचायची पद्धत माझ्या बायकोची, साल वरच्या बाजूला यायला पाहिजे असं ती म्हणायची, ती जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून मी ढीगच लावून ठेवतो. कम्पॅनियनने हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि तुटक्या भाषेत फक्त एवढंच विचारलं की त्यांचं नाव काय होतं. ते बोलत राहिले, अंधार पडेपर्यंत. आम्ही लेसन दिला नाही, आमचं धर्मपुस्तक दिलं नाही. निघताना ते म्हणाले, "पोरींनो, पुढच्या गुरुवारी पण या."

आम्ही शेवटपर्यंत जात राहिलो. त्यांनी कधी बाप्तिस्मा घेतला नाही, चर्चलाही आले नाहीत. मला त्यांच्यासमोर माझा विश्वास सांगावासा वाटला तेव्हा मी सांगितला, त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, तेवढंच.

नकार खूप येतात हे तुला दादाने सांगितलं असेलच. दारं बंद होतात, भेट ठरवून लोक घरी नसतात, आठवडेच्या आठवडे कुणी लेसनला येत नाही. अशाच एका वाईट आठवड्यात आमच्या मिशन प्रेसिडेंटनी सॅम्युअल स्मिथची गोष्ट पुन्हा सांगितली. आपल्या लहानपणापासून ऐकलेलीच, चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांचा धाकटा भाऊ, १८३० मध्ये चर्च सुरू झालं त्याच वर्षी पाठीवर बुक ऑफ मॉर्मनच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या, प्रती घेऊन तो पायी निघाला, बहुतेकांनी त्याला परत पाठवलं, फारशा प्रती गेल्या नाहीत, पण त्यातली एक हातोहात पुढे चर्चचा प्रमुख झालेल्या ब्रिगहॅम यंगच्या घरी पोचली आणि ब्रिगहॅम यंगने १८३२ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लहानपणी मला त्यातला शेवट आवडायचा. मिशनमध्ये ऐकताना मला तो परतीचा रस्ता दिसायला लागला, पिशवी जवळजवळ तेवढीच जड, पाय दुखतायत, आणि पुढे काय होणार ते त्याला माहीत नाही.

आठवण येते घरची, खूप येते. पण तुझं एक बरं आहे, फेब्रुवारी २०१९ पासून पी-डेला, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. दादाच्या वेळी आठवड्याला एक ईमेल आणि वर्षातून दोनच फोन होते, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. आई त्या दोन दिवशी सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसायची, आणि फोन आला की तिला बोलायला काही सुचायचंच नाही, नुसतं जेवलास का, जेवलास का. माझ्या वेळी दर आठवड्याला बोलूनही तेच विचारायची. पी-डे म्हणजे आराम समजू नकोस मात्र, कपडे धुणं, आठवड्याचं सामान, घर आवरणं, सगळं त्याच दिवशी, आणि संध्याकाळी सहा वाजता परत नेमटॅग लावून कामाला.

परत आले त्या रात्री स्टेक प्रेसिडेंटनी, म्हणजे आमच्या भागातल्या अनेक मंडळ्यांच्या प्रमुखांनी, मला मिशनच्या जबाबदारीतून रिलीज केलं, नेमटॅग काढला, आणि घरी येऊन मी माझ्या खोलीत गेले तर झोपच येईना. खोलीत दुसरं कुणी श्वास घेत नव्हतं. शेवटी गादी उचलून आईच्या खोलीत गेले, चांगले दहा दिवस तिथेच झोपले. तिसरी कम्पॅनियन अजून महिन्यातून एकदा फोन करते, आता भाषा तिला माझ्यापेक्षा छान येते आणि मी बरंच ऐकते.

बाकी तुझ्या यादीचं विचारलं होतंस ना, कपडे कमी ने, कुणी ना कुणी घरी जाताना आपले देऊन जातं. बूट मात्र दोन जोड घे, चांगले घे, आणि निघायच्या आधी महिनाभर घालून चाल. आणि पी-डे कुठला वार ते कळलं की लगेच सांग, मावशीला मी व्हिडिओ कॉल लावून द्यायला येईन.