केदारकांठा : पायांची वाट शेकोटीपाशी लागते

उत्तराखंडातल्या केदारकांठा ट्रेकच्या माथ्यावरून दिसणारी स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं तुम्ही फोटोत पाहिली असतीलच. डेहराडून ते पायथ्याचं सांकरी गाव दिवसभर गाडीत अंग आंबतं, वाटेतल्या जूडा का तालाब या तळ्यापर्यंतची चढण सोपी. त्यावर शब्द खर्च करत नाही. लिहायचंय ते पायाच्या बोटांबद्दल, कारण त्याविषयी कुणी काही सांगत नाही, आणि जे सांगतात ते नेमकं उलटं सांगतात.

आयोजकांच्या यादीत गॉगल होता, सनस्क्रीन होतं, पॉवर बँकसुद्धा होती. चिलब्लेनचा, म्हणजे थंडीने बोटांना येणाऱ्या खाजऱ्या सुजेचा, उल्लेख नाही. सांकरीत भाड्याने घेतलेले बूट आतून ओलसर. 'चलते चलते सूख जाएगा' म्हणे. उणे तापमानात काय डोंबल सुकणार! शिवाय बूट परत करताना तळ झिजल्याचं सांगून अनामतीतले तीनशे कापले ते वेगळेच.

माथ्याची चढाई पहाटे दोन-तीनला सुरू होते. शेवटचा धारेवरचा टप्पा खडा, आणि डिसेंबरअखेरीस तिथे इतकी गर्दी की पुढचा हलल्याशिवाय तुम्हाला पाऊल टाकता येत नाही. खरा वाईट पट्टा हाच. चालताना पाय गरम असतात, रांगेत खोळंबलं की संपलं. ओले मोजे, करकचून बांधलेल्या नाड्या आणि नुसतं उभं राहणं. बोटं आधी ठणकली, मग बधिर झाली.

कॅम्पवर परतल्यावर 'पैर सेंक लो साब' असा प्रेमळ आग्रह झाला. सगळ्यांचे तळवे शेकोटीकडे. पंधरा मिनिटं स्वर्ग. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये बोटांना अशी खाज आणि आग सुटली की झोप उडाली. सकाळी बोटं लाल, डेहराडूनला पोहोचेपर्यंत करंगळी पिकल्या करवंदासारखी काळी-जांभळी.

ग्रुपमधल्या एकाने बूट चावल्याचं निदान केलं, दुसऱ्याने फंगसचं मलम चोपडलं, तिसऱ्याने फ्रॉस्टबाइट म्हणून घाबरवलं. फ्रॉस्टबाइटमध्ये मांस खरोखर गोठतं. बोट पांढरं, मेणचट, कडक पडतं आणि संवेदना जाते. तसं दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. चिलब्लेनमध्ये काहीच गोठत नाही. थंडीने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मग एकदम शेक मिळाला की रक्ताचा लोंढा येतो, तो त्यांना झेपत नाही, द्रव आजूबाजूला झिरपतो आणि बोट सुजतं. म्हणूनच त्रास काही तासांनी वर येतो. त्याला बर्फ लागतोच असंही नाही. शून्याच्या वरच्या दमट थंडीतही होतं.

तेव्हा कॅम्पवर आल्याआल्या मोजे बदला, पाय कोरडे करा, पांघरुणात घ्या आणि आपोआप गरम होऊ द्या. शेकोटी नको, गॅसचा हीटर नको, शंभर रुपयांची गरम पाण्याची बादली तर अजिबात नको. लोकरी मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी ठेवा, तो बुटात घालायचा नाही. दोन मोजे घालून बोटं हलत नसतील तर एक काढा. आवळलेला पाय जास्त गारठतो. रांगेत बोटं सतत हलवत राहा. आणि सिगारेट खालीच ठेवा, निकोटिनने त्याच रक्तवाहिन्या आणखी आकसतात.

झालंच तर खाजवू नका. कॅलामाइन लोशन लावा, कातडी फुटली असेल तर जंतुनाशक लावून ड्रेसिंग करा. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. पू झाला किंवा तोवर उतरलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. यावर निफेडिपिन देतात, पण ते मुळात रक्तदाबाचं औषध आहे. ग्रुपमधल्या कुणी पुढे केलं म्हणून डोंगरावर गोळी गिळू नका. गार पाण्यात हात घातल्यावर ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात, त्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. एकदा झालेलं पुढच्या थंडीतही उलटू शकतं. अशांनी डिसेंबर-जानेवारीचा हट्ट सोडून एप्रिलमध्ये जावं.

बूट घरूनच न्या, वापरून मऊ झालेले आणि अर्धा नंबर मोठे. सांकरीत भाड्याने फक्त गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारं पोटरीवरचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक (बुटाखाली चढवायचे खिळे) घ्या, तेही देणाऱ्यासमोर फोटो काढून.