तुम्ही विचारलंत म्हणून: हौसेनं कोपी कशाला?

नात्यातले, गावातले, माझ्या शाळेतले शिक्षक, सगळे हेच विचारतात. आईबापानं ऊसतोडीत उमर कोपीत, म्हणजे कळकाच्या कांबी आणि कागदाच्या झोपडीत, काढली. तुला नोकरी आहे, स्लॅबचं घर आहे, मग मेणकागद, सुतळी आणि कोयता एवढंच घेऊन बालाघाटाच्या डोंगरात रात्री मुक्कामाला कशाला जातोस? मामा तर तोंडावर म्हणाले, "दलिंदर फिटलं तर परत घरात ओढून आणायलास."

मामा, तुमचा राग मला समजतो. पण हजारो रुपयांचा तंबू घेऊन गेलो असतो तर तुम्हीच कौतुक केलं असतं. मला तेच सलतं.

मी नावापुरता चौथीत होतो. पट्टा पडायला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायला, थोडेच दिवस राहिले होते. वडील गाडी घेऊन कारखान्यावर, वजनकाट्याच्या रांगेत. रात्री अवकाळी आला. वारा असा की कळकाच्या कांबी उचकटायला लागल्या, कागद एका बाजूनं फाटला. टोळीत सगळ्यांचीच आरडाओरड. जो तो आपली कोपी उभी धरून ठेवायला झटत होता. आईनं उलटं केलं. कोयत्यानं पुढच्या बाजूची सुतळी तोडली आणि अर्धी कोपी आपणहून खाली पाडली. उरली ती मागची बुटकी बाजू, बसलं तर डोकं टेकेल एवढी. कागद दुहेरी करून तिनं कडेला उसाच्या मोळ्या ठेवल्या. आम्हा भावंडांचे ओले कपडे काढले, आतलं कोरडं पाचट गुडघाभर रचलं, त्यावर आम्हाला एका वाकळीत घातलं. मग पावसातच खुरप्यानं चढाच्या बाजूला चर मारला. पाणी वळलं. ती मात्र पहाटेपर्यंत ओल्या लुगड्यात दारात बसून होती, कारण आत तिसऱ्याला जागा नव्हती. सकाळी अंगात ताप, तरी खाडा पडू नये म्हणून फडात गेली.

तिनं त्या रात्री जे केलं तेच आज जंगलात तग धरायला शिकवणारे शिकवतात. आधी निवारा, खाण्याचं नंतर. माणूस अन्नावाचून कित्येक दिवस काढतो, पण ओल्या अंगाला वारा लागला तर फार थंडी नसतानाही काही तासांत गारठतो. शरीर ३५ अंशांखाली गेलं की विचारही धड चालत नाही. हवेपेक्षा जमीन ऊब लवकर ओढते, म्हणून वरच्या पांघरुणाइतकंच खालचं अंथरूण महत्त्वाचं. पाचट असो की वाळलं गवत, अंगाखाली दबल्यावरही चांगलं वीतभर उरलं पाहिजे. आणि जागा जितकी लहान, तितकी स्वतःच्या अंगाची ऊब टिकते. डोंगरात यात माझी भर एवढीच की ओढ्याच्या पात्रात अंथरूण टाकायचं नाही, आपल्याकडे थेंब नसताना वरून लोंढा येतो. विजा कडाडत असतील तर माथा आणि एकटं झाड टाळायचं. दगड हातानं उचलायचे नाहीत, काठीनं आधी सरकवायचे. खाली फुरसं, विषारी साप, असतं. अभयारण्यात जाऊन तोडत नाही, ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीक माळावर जातो.

कॉलेजात असताना मी सांगायचो, वडील कारखान्यात कामाला आहेत, क्वार्टरमध्ये राहतो. माझ्यातल्या त्या कॉलेजातल्या पोराशी मी अजून भांडतो. तो म्हणतो, तुला सोमवारी परत यायचं असतं, आईला यायचं नव्हतं. तिची लाचारी तू कला म्हणून मिरवतोस. त्याला मी सांगतो, लाचारी होतीच, पण हुशारीही तिचीच होती आणि ती कुणीच मोजली नाही. तो गप्प बसत नाही. त्याचं म्हणणं खोडता येईल असं उत्तर माझ्याजवळ नाही, तरी जाणं सोडावं असंही वाटत नाही.

आईला एकदा चल म्हणालो. "म्या का येऊ? लई झालं तिथलं," एवढंच बोलली आणि दळण घेऊन गिरणीत गेली. तिला मी परत विचारलेलं नाही. मुलीला मात्र नेतो. बायकोला ते मान्य नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीवरून आमच्यात सध्या हाच वाद चालू आहे.