उभ्या गाडीतलं पक्षीनिरीक्षण

लडाखच्या चांगथांग पठारावर डोळे फसतात. झाड नाही, घर नाही. समोरचा ठिपका दगड की ससाणा, आणि तो दोनशे मीटरवर की दोन किलोमीटरवर, हे ताडायचं कशाशी? हवा इतकी स्वच्छ, की लांबचंही हाताशी वाटतं.

त्सो-कार तलाव सुमारे ४,५०० मीटरवर. लेहमध्ये दोन रात्री मुक्काम न करता थेट इथे आलेल्याला पक्ष्यांपेक्षा स्वतःचं डोकंच जास्त जाणवतं. धाप लागलेल्या हातात १० पटींची दुर्बीण नाचते, ८×४२ (म्हणजे ८ पटींची, ४२ मिमी भिंगाची) बरी. त्याहून बरं म्हणजे गाडीतून उतरूच नये. चालत येणाऱ्या माणसाला पक्षी जितके बिचकतात, तितके उभ्या गाडीला नाही. इंजिन मात्र बंद हवं, नाहीतर खिडकीवर टेकवलेली दुर्बीण थरथरते. टेकू म्हणून तांदूळ भरलेला पायमोजा झकास चालतो.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, ६० पटींपर्यंत जातो, पण ऊन चढल्यावर तो मोह सोडावा. जमिनीलगतची हवा उकळल्यासारखी हलते आणि काळ्या मानेचा क्रौंच पाण्यात सांडलेल्या शाईसारखा पसरतो. ३० पटींच्या आत राहिलं तर निदान मान कुठली, पाय कुठले, एवढं कळतं. दुपारनंतर वारा; तेव्हा चहा प्यावा.

क्रौंचाचं घरटं दलदलीत, अंडी बहुधा दोन. जोडीने चरणं थांबवून माना ताठ केल्या की आपण फार जवळ आलो, मागे फिरायचं. खरा शत्रू भटकी कुत्री, आणि ती पोसली जातात आपल्याच उष्ट्यावर.

बारक्या पक्ष्यांसाठी ‘पिका’ या सशाच्या छोट्या भाऊबंदाची बिळं बघावीत. त्या बिळांत चिमणीच्या कुळातले स्नोफिंच घरटी करतात. ग्राउंड टिटला तर शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं कावळ्याच्या कुळात बसवलं होतं; निघाला वल्गुलीचा, म्हणजे टिट पक्ष्याचा भाऊबंद!

हिवाळ्यात उजनीवर येणारा पट्टकादंब हंस इथे उन्हाळ्यात पिल्लांची रांग घेऊन किनाऱ्याने चालतो. एव्हरेस्टवरून उडणारा म्हणून त्याची ख्याती. पाठीवर यंत्रं लावून माग काढला, तेव्हा सर्वांत उंच नोंद ७,२९० मीटरची मिळाली. एरवी तो जमिनीला धरून, चढ-उतार करत जातो. विरळ हवेत पंख मारणं महागात पडतं. कमावलेली उंची सोडून खाली उतरणं आणि पुन्हा चढणं त्याला परवडतं.